क्षेत्रफळ हरवलं की सरकलं? स्टार्चच्या एसईसीमध्ये पुन्हापुन्हा बिघडणारे पीक

एसईसी म्हणजे साइझ एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफी: मण्यांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, द्रावण नेऊन रेणू आकाराप्रमाणे वेगळे करायचे. मोठे आधी बाहेर येतात, लहान नंतर. बाहेर येणाऱ्या द्रव्याचा आलेख म्हणजे क्रोमॅटोग्राम, आणि त्यातला उंचवटा म्हणजे पीक. या पद्धतीबद्दलची तक्रार साधारण अशी असते. स्टार्चचा एकच नमुना, एकच पद्धत, तोच कॉलम. सोमवारी दोन सुरेख उंचवटे मिळतात, आधी अमायलोपेक्टिनचा (स्टार्चमधला मोठा, फांद्यांचा रेणू) आणि मग अमायलोजचा (लहान, बहुतांशी सरळ साखळीचा). मंगळवारी दुसरा उंचवटा खुजा झालेला असतो. बुधवारी त्याचा नुसता खांदा उरतो. मग कोणीतरी म्हणतं, कॉलम गेला. कॉलम धुतला जातो, उलटा लावून धुतला जातो, शेवटी नवा मागवला जातो. नव्या कॉलमवर ताजा नमुना घातला की दोन दिवस सगळं छान दिसतं, त्यामुळे निदान बरोबर होतं असं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच.

या फेऱ्यात माझा जवळपास एक महिना गेला आहे, आणि त्या महिन्यात कॉलमचा काहीही दोष नव्हता. म्हणून आता असा क्रोमॅटोग्राम कोणी समोर ठेवला, की कॉलमबद्दल विचारण्याआधी मी एकच विचारते: आलेखाखालचं एकूण क्षेत्रफळ किती आलं?

शक्यता मुळात दोन आहेत. एक, क्षेत्रफळ हरवलं, म्हणजे काल जेवढं द्रव्य डिटेक्टरपर्यंत पोचत होतं त्यातलं काही आज वाटेतच राहिलं. दोन, क्षेत्रफळ सरकलं, म्हणजे द्रव्य सगळं पोचलं, पण मोठ्या रेणूंचे तुकडे होऊन ते उशिरा बाहेर आले. कागदावर दोन्ही चित्रं सारखीच दिसू शकतात, कारण तुलना करताना आपण बहुतेक वेळा सगळ्यात उंच पीक शंभर धरून आलेख एकमेकांवर ठेवतो. अशा आलेखात हरवलेलं द्रव्य दिसतच नाही. कच्चा सिग्नल उघडा, बेसलाइन (द्रव्य येत नसतानाची पायारेषा) स्वतः तपासा आणि मग बोला.

आधी मोजणी

आरआय (अपवर्तनांक मोजणारा) डिटेक्टर वापरत असाल तर एक सोपी मोजपट्टी हाताशी आहे: पुलुलान. तोही ग्लुकोजचाच बहुलक, त्यामुळे दर मिलिग्रॅममागे त्याचा आरआय सिग्नल स्टार्चइतकाच धरता येतो. शिवाय तो पाण्यात सहज विरघळतो आणि अमायलोजसारखा गोठून खाली बसत नाही. नमुन्याइतक्याच वजनाचं पुलुलान त्याच द्रावकात विरघळवून त्याच आकारमानाचं इंजेक्शन द्या. स्टार्चच्या एकूण क्षेत्रफळाला पुलुलानच्या क्षेत्रफळाने भागलं की किती टक्के द्रव्य पोचलं ते कळतं. स्टार्च तोलताना ओलावा वजा करायला विसरू नका. उघड्या हवेत राहिलेल्या स्टार्चमध्ये १० ते १४ टक्के पाणी सहज असतं, बटाट्याच्या स्टार्चमध्ये त्याहूनही जास्त. ही एक चूक केली तर नसलेला तोटा दिसतो आणि पुढचा सगळा शोध चुकीच्या दिशेने जातो. पिठाचा नमुना असेल तर त्यातली प्रथिनं आणि तंतूही हिशेबात धरा.

नव्वद टक्क्यांच्या वर आकडा आला तर मी समाधानी असते. ऐंशीच्या खाली आला तर त्या क्रोमॅटोग्रामवरून अमायलोजचं प्रमाण काढणं मी थांबवते, कारण जे पोचलं नाही ते नेमकं कोण होतं हे माहीत नसतं. आणि ते बहुधा अमायलोजच असतं.

क्षेत्रफळ हरवलं असेल तर

पहिला संशय रेट्रोग्रेडेशनवर घ्या. विरघळलेल्या अमायलोजच्या सरळ साखळ्या पाण्यात एकमेकींजवळ येतात, दुहेरी मळसूत्रं बनवतात आणि ती मळसूत्रं रचून स्फटिक तयार होतात. सर्वांत झटपट खाली बसतात त्या साधारण ८० ते १०० ग्लुकोज एककांच्या साखळ्या. त्याहून खूप आखूड साखळ्या विरघळलेल्या राहतात, खूप लांब साखळ्या खाली बसण्याऐवजी जाळं विणून जेल बनवतात. हे अमायलोजच्या बाबतीत काही तासांत सुरू होतं. अमायलोपेक्टिनला मात्र त्यासाठी दिवस लागतात, कारण त्याच्या फांद्या आखूड असतात.

माझ्या महिनाभराच्या गोंधळाचं मूळ इथेच होतं. प्रयोगशाळेत एंझाइम, प्रथिनं, अर्क सगळं फ्रीजमध्ये ठेवायची सवय असते, त्याच सवयीने स्टार्चच्या पाण्यातल्या द्रावणाच्या वायल संध्याकाळी ४ अंशांवर जायच्या. रेट्रोग्रेडेशनला याहून सोयीची जागा नाही. सकाळी वायल काढून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरली की द्रावण पुन्हा स्वच्छ दिसायचं आणि आम्ही निश्चिंत व्हायचो. हा स्वच्छपणा फसवा आहे. अमायलोपेक्टिनचे नवे स्फटिक साधारण ४० ते ७० अंशांच्या दरम्यान वितळतात, म्हणून ते परत द्रावणात येतात. अमायलोजचे स्फटिक वितळायला मात्र साधारण १२० ते १५० अंश लागतात. उघड्या वॉटर बाथमध्ये ते तापमान येणारच नाही. म्हणजे गरम केल्यावर पहिला पीक परततो, दुसरा परतत नाही, आणि आलेख पाहणाऱ्याला वाटतं की कॉलमची वेगळं करण्याची ताकद कमी झाली.

कधी उलटंही दिसतं. अमायलोजचे बारीक पुंजके फिल्टरमधून सुटतात आणि त्यांच्या फुगलेल्या आकारामुळे अगदी सुरुवातीला, अमायलोपेक्टिनच्या जागी बाहेर पडतात. तेव्हा दुसरा पीक घटतो आणि पहिला वाढतो. एकूण क्षेत्रफळ फारसं हलत नाही, पण मोठ्या बाजूला सरकतं. एकाच प्रकारचं स्टार्च चोवीस तासांत जास्त अमायलोपेक्टिन तयार करू शकत नाही, हे लक्षात ठेवलं तर खूण पटते.

खात्री करायला एक दिवस पुरतो. द्रावण तयार झाल्याबरोबर इंजेक्शन द्या, मग त्याच वायलमधून ६ तासांनी, मग २४ तासांनी. चोवीसाव्या तासाला त्याच स्टार्चचं नव्याने विरघळवलेलं द्रावणही घाला. ताज्या द्रावणात दुसरा पीक पूर्ण उंचीचा आणि जुन्यात खुजा, तर कॉलमवरचा आरोप मागे घ्या. सोबत मेणचट, म्हणजे वॅक्सी स्टार्चचा नमुना चालवला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच, त्यामुळे त्याचा पीक दिवसभर स्थिर राहिला आणि साध्या स्टार्चचा ढासळला, तर दोषी कोण हे वेगळं सांगावं लागत नाही.

उपाय दोन वाटांनी जातो. पाण्यातच काम करायचं असेल तर द्रावण त्या दिवशीचं त्या दिवशी करा, कमी संहत ठेवा, वायल आणि कॉलम दोन्ही ६० अंशांच्या वर ठेवा, आणि उरलेलं फेकून द्या. मला स्वतःला दुसरी वाट जास्त भरवशाची वाटते: पाणी सोडून डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड). त्यात ०.५ टक्के लिथियम ब्रोमाइड घालतात. डीएमएसओ साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सैल करतो आणि लिथियम ब्रोमाइड पुंजके होऊ देत नाही. ८० अंशांवर हलवत रात्रभर ठेवलेलं, साधारण २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर संहतीचं द्रावण पुढे दिवसभर टिकतं. यासाठी कॉलम डीएमएसओला चालणारा हवा. पाण्याच्या कॉलमवर सरळ डीएमएसओ सोडलं तर यावेळी कॉलम खरोखरच जाईल.

रेट्रोग्रेडेशन नसेल तर पाहा की नमुना मुळात विरघळला होता का. कोरडं स्टार्च द्रावकात एकदम ओतलं की गाठी होतात. गाठीची बाहेरची बाजू फुगून जेलचं कवच बनते आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. आधी थोड्या इथेनॉलने पीठ ओलं करून घ्या आणि मग हलवत हलवत द्रावक घाला. अगदी कोरड्या डीएमएसओपेक्षा थोडं पाणी असलेल्या डीएमएसओत अखंड कण लवकर फुटतात, कारण पाण्याने कण फुगतो. म्हणून काहीजण आधी ९० टक्के डीएमएसओत विरघळवून, इथेनॉलने साका काढून, तो साका मूळ द्रावकात पुन्हा विरघळवतात. काम वाढतं, पण या वाटेने स्निग्ध पदार्थही बऱ्यापैकी निघून जातात, आणि धान्याच्या स्टार्चमध्ये अमायलोजला चिकटलेले लिपिड हा वेगळा ताप असतो.

मग फिल्टर. ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरवर अंगठ्याला नेहमीपेक्षा जास्त जोर लावावा लागला तर तो जोर वहीत लिहून ठेवा, कारण क्रोमॅटोग्राममध्ये पुढे जे दिसणार आहे त्याची ती पहिली बातमी असते. पाण्यातल्या द्रावणासाठी फिल्टरच्या आधीची आणि नंतरची एकूण शर्करा फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाच्या चाचणीने ४९० नॅनोमीटरला मोजा. फरक पडला तर चोर तिथेच सापडला. मात्र सेल्युलोजचे फिल्टर, टिश्यू पेपरचे तंतू आणि उघड्या नळ्यांत पडलेली धूळही या चाचणीत शर्करा म्हणूनच मोजली जाते, तेव्हा कोरा नमुना त्याच फिल्टरमधून काढून शेजारी ठेवा. डीएमएसओच्या द्रावणावर ही चाचणी करू नका. तिथे फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं इंजेक्शन ताडून पाहा. सेल्युलोज ॲसिटेटचा फिल्टर डीएमएसओमध्ये विरघळतो हेही ध्यानात असू द्या. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) वापरा.

वर सांगितलेलं सगळं निस्तरूनही द्रव्य कमी पडत असेल, तरच कॉलमवर चिकटण्याचा विचार करावा. पुलुलान पूर्ण पोचतंय आणि नमुना पोचत नाही, असं असेल तर बहुधा नमुन्यातली प्रथिनं किंवा लिपिड जबाबदार असतात.

क्षेत्रफळ सरकलं असेल तर

एकूण बेरीज तीच, पण वजन लहान रेणूंकडे झुकलेलं. म्हणजे साखळ्या तुटल्या. कशाने तुटल्या ते बरेचदा शेपटीवरून, म्हणजे आलेखाच्या शेवटच्या भागावरून, कळतं.

ग्लुकोज आणि माल्टोजच्या जागी नवे बारीक पीक उगवले असतील तर एंझाइम किंवा जंतू. पिठात स्वतःचं अमायलेज असतं, अंकुरलेल्या धान्यात तर भरपूर. पीठ आधी उकळत्या ८० टक्के इथेनॉलने धुतलं तर एंझाइमही निष्क्रिय होतात आणि मुळातल्या मोकळ्या शर्कराही निघून जातात. पाण्याचा मोबाइल फेज (कॉलममधून सतत वाहणारं द्रावक) चार-चार दिवस बाटलीत राहत असेल तर त्यात जंतू वाढणारच. ०.०२ टक्के सोडियम अझाइड हा रूढ उपाय आहे, पण तो तीव्र विषारी आहे. आम्लाशी मिसळू नका, धातूच्या पाइपात ओतू नका, आणि खाली ज्या चांदीच्या कॉलमबद्दल लिहिलं आहे त्याच्या आसपासही आणू नका. चांदीचं अझाइड स्फोटक असतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. आकारावरून रेणू वेगळे करण्याची ही पद्धत १९५० च्या दशकात लंडनमध्ये लेथ आणि रुथवेन यांनी दाखवली, तेव्हा त्यांच्या कॉलममध्ये भरलेलं द्रव्य पाण्यात फुगवलेलं स्टार्चच होतं. आज आपण जे चाळतो ते तेव्हा स्वतः चाळण होतं. १९५९ साली पोराथ आणि फ्लोडिन यांनी डेक्स्ट्रानच्या साखळ्या एकमेकींना बांधून सेफाडेक्स आणलं आणि स्टार्चचे कॉलम मागे पडले. आपल्यासाठी त्यात एक मोठी सोय आहे. डेक्स्ट्रानमधले मुख्य बंध अल्फा-१,६ असल्याने नमुन्यात अमायलेज राहून गेलं तरी ते कॉलम खात नाही. नमुना मात्र खातं.

शेपटीला काही नाही, पण सगळाच आलेख उजवीकडे ढळला असेल तर आम्ल किंवा उष्णता. फांद्या तोडण्यासाठी आयसोअमायलेज वापरत असाल तर ते आम्लधर्मी बफरमध्ये काम करतं. काम झाल्यावर तसंच आम्ल द्रावण उकळून एंझाइम मारलं तर थोडं स्टार्चही तुटतं. आधी पीएच उदासीन करा, मग उकळा.

आणि फक्त पहिलाच पीक सरकत असेल, दुसरा जागेवर असेल, तर कॉलममधला ताण तपासा. अमायलोपेक्टिनचं रेणुभार एक कोटीपासून काही शे कोटींच्या घरापर्यंत जाऊ शकतं. एवढा मोठा, फांद्यांनी भरलेला रेणू बारीक मण्यांमधून वेगाने ओढला की तुटतो. प्रवाह निम्मा करून बघा. वेळेच्या नव्हे, बाहेर आलेल्या आकारमानाच्या हिशेबात पीक लवकर येऊ लागला, म्हणजे रेणू मोठे दिसू लागले, तर आधी ते तुटत होते. वेग आणखी कमी करता येतो, मोठ्या मण्यांचा कॉलम घेता येतो, पण कॉलमच्या वाटेने हा दोष संपूर्ण जात नाही. अमायलोपेक्टिनचं अखंड माप हवंच असेल तर मण्यांशिवाय चालणारं फील्ड फ्लो फ्रॅक्शनेशन जास्त योग्य आहे. नसेल तर फांद्या आधीच तोडून त्यांची लांबी मोजा. ते माप विश्वासार्ह असतं, आणि शिजवलेल्या अन्नाचा पोत समजून घ्यायला बहुतेक वेळा तेच जास्त उपयोगी पडतं. पुलुलानची रेषा पुढे ओढून अमायलोपेक्टिनचा रेणुभार सांगणं तर टाळाच. नेहमीच्या संचातलं सर्वांत मोठं पुलुलान साधारण आठ लाखांचं असतं. शिवाय एसईसी रेणूचं वजन जाणत नाही, त्याने द्रावणात व्यापलेली जागा जाणते, आणि फांद्यांचा रेणू त्याच वजनाच्या सरळ रेणूपेक्षा कमी जागा व्यापतो.

हरवलंही नाही, सरकलंही नाही, तरी वेळ बदलते

सगळे पीक सारख्याच प्रमाणात पुढे-मागे होत असतील तर पंप. आरआयमध्ये शेवटी द्रावकाचा जो पीक येतो तो प्रवाहाची फुकट खूण आहे, रोज त्याची वेळ टिपा. नमुन्याची संहती निम्मी केल्यावर पीक जागा बदलत असेल तर तुम्ही जास्त भार टाकत होता. दाट द्रावण कॉलममध्ये बोटं फुटल्यासारखं पसरतं आणि पीकला ओबडधोबड शेपूट येते.

डीएमएसओ हवेतलं पाणी भराभर ओढतो, त्यामुळे बेसलाइन ढळते. नमुना आणि मोबाइल फेज एकाच बाटलीतल्या द्रावकाने बनवा. आणि तो १८.५ अंशांना गोठतो. वातानुकूलित खोलीत रात्री ओव्हन बंद करून गेलात तर सकाळी नळ्या भरलेल्या सापडतील. अशा वेळी पंप जोरात चालवू नका, आधी सगळं हळूहळू गरम होऊ द्या.

लहान टोक: माल्टोडेक्स्ट्रिन आणि ऑलिगो

माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च अर्धवट तोडून मिळणाऱ्या आखूड साखळ्या, आणि ऑलिगो म्हणजे काही थोड्याच एककांच्या साखळ्या. इथे मात्र कॉलम खरोखर बिघडतो, म्हणून वेगळं लिहिते. ग्लुकोजपासून आठ-दहा एककांपर्यंतच्या साखळ्या वेगळ्या करायला चांदीच्या किंवा कॅल्शियमच्या रूपातले रेझिनचे कॉलम वापरतात. मोबाइल फेज नुसतं पाणी, तापमान ८० ते ८५ अंश, मोठे आधी, ग्लुकोज शेवटी. चांदीचा कॉलम दहाच्या आसपासच्या साखळीपर्यंत स्वच्छ पीक देतो, कॅल्शियमचा चार-पाचपर्यंत. काही आठवड्यांत हे पीक एकमेकांत मिसळू लागले तर नमुन्यातल्या क्षारांनी रेझिनवरचे आयन हुसकावले आहेत. बफरमधलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं. क्लोराइड असेल तर चांदीचं क्लोराइड बनून कॉलममध्येच बसतं आणि दाब चढतो. नमुना आधी आयन काढणाऱ्या मिश्र रेझिनमधून न्या. त्यातलं ॲनायन रेझिन कार्बोनेट रूपातलं घ्या, कारण हायड्रॉक्साइड रूपातलं तीव्र रेझिन ग्लुकोज धरून ठेवतं आणि थोडं फ्रुक्टोजमध्येही बदलतं. कॅल्शियमचा कॉलम निर्मात्याने सांगितलेल्या कॅल्शियम क्षाराच्या द्रावणाने पुन्हा भरता येतो. चांदीचा कॉलम क्लोराइडने भरला की सहसा वाचत नाही.

एकाच शर्करेचे दोन पीक दिसले तर घाबरण्याआधी ओव्हनचं तापमान बघा. थंड कॉलमवर अल्फा आणि बीटा रूपं वेगवेगळी येतात. ८० अंशांच्या वर ती इतक्या वेगाने एकमेकांत बदलतात की एकच पीक मिळतो.

या टोकालाही हरवलेल्या क्षेत्रफळाची परीक्षा आहे. सर्व पीकच्या क्षेत्रफळांवरून संख्या-सरासरी रेणुभार (एकूण वजन भागिले रेणूंची संख्या) काढा आणि १८,००० ला त्याने भागा, म्हणजे डीई (डेक्स्ट्रोज इक्विव्हॅलंट, ग्लुकोजच्या तुलनेतली क्षपणशक्ती) मिळतो. डीई १० असलेल्या माल्टोडेक्स्ट्रिनचा रेणुभार १,८००, म्हणजे सरासरी ११ एककं. क्रोमॅटोग्रामवरून आलेला डीई टायट्रेशनच्या डीईपेक्षा जास्त निघाला तर मोठ्या साखळ्या वाटेत राहिल्या आहेत, आणि आता फिल्टरपासून पुन्हा मोजायला घ्यायचं.